हब मोटर ‘गेली’ म्हणण्याआधी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ई-सायकलच्या चाकातल्या मोटरबद्दल आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य आहे: ‘दुकानदार म्हणतो मोटर जळाली, अख्खं चाक बदला.’ हब मोटर खरोखर जळते, पण ती क्वचित. त्याआधी वायर तुटते, कनेक्टर सैल होतो, सेन्सर मरतो, गिअरचे दात जातात. नवं चाक मागवण्याआधी अर्धा तास काढा आणि बाहेरून आत, या क्रमाने तपासा. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम लांब दिलं आहे. बाकीच्यांनीही ते आधी वाचावं.

प्रश्न : माझी सायकल ३६ व्होल्ट, २५० वॅटची, मागच्या चाकात गिअरवाली हब मोटर. सपाट रस्त्यावर चालताना मोटर एकदम बंद झाली. डिस्प्ले चालू आहे, बॅटरीच्या तीन रेघा दिसतात, पायडल मारून सायकल नेहमीसारखी चालते. आवाज नाही, वास नाही. काय तपासू? (सातारा)

चाक हलकं फिरतंय आणि वास नाही, ही चांगली लक्षणं आहेत. सायकल स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी ठेवा आणि सुरुवात ब्रेकपासून करा. ब्रेकच्या मुठीत एक छोटा स्विच असतो. ब्रेक दाबला की तो मोटरचा पुरवठा तोडतो. मुठीची स्प्रिंग ढिली पडली किंवा केबल गंजली की मूठ पूर्ण मागे येत नाही आणि कंट्रोलरला (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या डबीला) वाटतं की ब्रेक दाबलेलाच आहे. दोन्ही ब्रेक-स्विचचे प्लग काढून पाहा. बहुतेक सायकलींत प्लग काढला की मोटर लगेच सुरू होते. झाली, तर दोष सापडला. मूठ दुरुस्त करून प्लग परत लावायला विसरू नका, त्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.

मग पायडलजवळचा सेन्सर. क्रँकच्या आत चुंबकांची चकती असते, तिच्यात आणि सेन्सरमध्ये २-३ मिलिमीटर अंतर हवं. चकती सरकली की सेन्सरला पायडल दिसतच नाही. थ्रॉटल (वेग वाढवायची मूठ) असेल तर ते फिरवून पाहा. थ्रॉटलवर मोटर चालते आणि पायडलवर चालत नाही, तर दोष इथेच.

तिसरी गोष्ट बॅटरी. डिस्प्लेवरच्या रेघांवर विश्वास ठेवू नका. ३६ व्होल्टची बॅटरी म्हणजे ओळीत १० सेल. पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट, आणि ३०-३१ च्या आसपास कंट्रोलर मोटर बंद करतो. चाक अधांतरी असताना मोटर छान फिरते आणि रस्त्यावर वजन आलं की थांबते, असं असेल तर ताणाखाली व्होल्टेज पडतंय. मोटर ओढत असताना मल्टिमीटर लावून मोजा. एकदम ४-५ व्होल्टची घसरण म्हणजे थकलेली बॅटरी किंवा जळालेले संपर्क. बॅटरी जिथे खाचेत बसते तिथल्या पितळी पट्ट्या काळ्या पडल्या आहेत का, ते आधी बघा.

आता मोटरकडे या. चेनशेजारच्या फ्रेमच्या नळीजवळ मोटरच्या केबलवर गोल, पाणीरोधक कनेक्टर असतो. बहुतेक २५० वॅटच्या मोटरींना त्यात ९ पिना असतात: तीन जाड, सहा बारीक. पंक्चर काढल्यानंतर दोन-चार दिवसांत मोटर बंद पडली असेल, तर शंभर कामं सोडून हा कनेक्टर पाहा. त्यावर बाण आणि एक रेघ कोरलेली असते. बाणासमोर बाण धरून सरळ दाबायचं, पिळायचं नाही. रेघ समोरच्या तुकड्याच्या कडेला टेकेपर्यंत आत जायला हवी. अर्धवट बसलेला कनेक्टर काही दिवस चालतो आणि एका खड्ड्यात सुटतो. उघडून बघा: एखादी बारीक पिन वाकली आहे का, हिरवट गंज आहे का, जाड पिनेभोवती प्लास्टिक वितळलंय का.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर मोटरची गुंडाळी (आतली तांब्याच्या तारेची वेटोळी) तपासा. त्यासाठी मल्टिमीटरसुद्धा लागत नाही. गुंडाळीचा रोध इतका कमी असतो की साधा मल्टिमीटर त्यात फरक दाखवूच शकत नाही. त्याऐवजी असं करा. बॅटरी काढा, कनेक्टर सोडवा. मोटरच्या बाजूच्या तीन जाड पिनांपैकी (पिवळी, हिरवी, निळी) दोन-दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा आणि चाक हाताने उलट फिरवा. उलट अशासाठी की गिअरवाल्या मोटरीत एकदिशा क्लच असतो, सुलट फिरवलं तर आतली मोटर फिरतच नाही आणि काहीच कळत नाही. जोडलेल्या अवस्थेत चाक जड लागलं पाहिजे. पिवळी-हिरवी, हिरवी-निळी, निळी-पिवळी, तिन्ही जोड्यांना सारखंच जड लागलं तर गुंडाळी शाबूत आहे. एक रंग असलेल्या दोन्ही जोड्यांना चाक मोकळं फिरत असेल तर त्या रंगाची वायर कुठेतरी तुटली आहे, आणि ती बहुधा अॅक्सलमधून बाहेर येते त्याच ठिकाणी. काहीच न जोडता उलट फिरवताना चाक अडखळत, जड जात असेल, तर वायरी आत एकमेकींना चिकटल्या आहेत किंवा गुंडाळी जळाली आहे. शेवटी मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक जाड पिन आणि अॅक्सल तपासा. बीप आला तर गुंडाळी बॉडीला लागली. एवढ्या चाचण्या नापास झाल्या तरच ‘मोटर गेली’ हे वाक्य खरं.

डिस्प्लेवर एखादा आकडा येत असेल तर तो टिपून ठेवा. अनेक डिस्प्लेंवर २४ हा हॉल सेन्सरचा (मोटरीतल्या चुंबकाची जागा ओळखणाऱ्या सेन्सरचा), २५ ब्रेकचा आणि ३० जोडणी तुटल्याचा इशारा असतो. मात्र हे आकडे बनावटीप्रमाणे बदलतात, आपल्या सायकलीच्या पुस्तिकेतूनच खात्री करा.

प्रश्न : पावसात रोज वापर. सिग्नलवरून निघताना मोटर थरथरते, खडखडते, पुढे ओढत नाही. पायाने थोडा वेग दिला की व्यवस्थित चालते. दोन दिवस ऊन पडलं की आपोआप बरी होते. (रत्नागिरी)

हे हॉल सेन्सरचं लक्षण आहे, आणि तुम्ही दिलेलं वर्णन इतकं नेमकं आहे की दुसरी शंका मनात येत नाही. मोटरीत तीन हॉल सेन्सर असतात. चुंबक नेमका कुठे आहे ते कंट्रोलरला सांगणं हे त्यांचं काम. त्यातला एक गप्प झाला की थांबलेल्या चाकाला कोणत्या गुंडाळीत आधी करंट सोडायचा हेच कंट्रोलरला कळत नाही, म्हणून थरथर. चाक फिरू लागलं की बरेच कंट्रोलर सेन्सरशिवाय, गुंडाळीत उलट तयार होणाऱ्या व्होल्टेजवरून अंदाज बांधतात. म्हणून धक्का दिला की चालते.

तपासणी कंट्रोलरच्या बाजूला करा, कारण तिथे बारीक वायरींचा वेगळा प्लग बहुधा मिळतो. बॅटरी चालू, मोटर जोडलेली, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. आधी बारीक लाल आणि काळी: साधारण ५ व्होल्ट यायला हवेत, ४.३ च्या वर असेल तर चालेल. मग काळं टोक काळ्या वायरीवरच ठेवून लाल टोक पिवळ्या, हिरव्या आणि निळ्या बारीक वायरीवर एकेक करून लावा आणि चाक हळूहळू उलट फिरवा. प्रत्येकीवर आकडा ० आणि ५ यांच्यामध्ये उड्या मारत राहिला पाहिजे. एकीवर तो ० वर किंवा ५ वर गोठून बसला तर तो सेन्सर किंवा त्याची वायर मेली.

लाल-काळीवर ५ व्होल्टच नाहीत, तर घाई करू नका. हेच ५ व्होल्ट थ्रॉटलला आणि पायडल-सेन्सरलाही जातात. तिघांचे प्लग एकेक करून काढा. ज्याचा प्लग काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो दोषी. एका भिजलेल्या थ्रॉटलपायी चांगली मोटर उघडली जाते, हे अगदी टाळण्यासारखं आहे.

तुमच्या बाबतीत उन्हात बरी होते, म्हणजे पाणी आत जातंय. ते बहुतेक केबलवरून ओघळत अॅक्सलच्या भोकातून शिरतं. केबल अॅक्सलमधून निघाल्यावर आधी खाली गेली पाहिजे आणि मग वळण घेऊन फ्रेमकडे वर. त्या वळणाच्या सर्वांत खालच्या टोकावरून पाणी गळून पडतं, मोटरकडे जात नाही. केबल वरून सरळ अॅक्सलमध्ये उतरत असेल तर तुम्ही मोटरला पन्हळच जोडली आहे. कनेक्टर उघडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसा, वाळू द्या, पिनांभोवती सिलिकॉनचं ग्रीस अगदी थोडं लावून बंद करा. सायकल प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका आणि अॅक्सल बुडेल एवढ्या पाण्यातून नेऊ नका. एकदा बाजूचं झाकण उघडून मोटर वाळवून घ्या, केस वाळवायच्या यंत्राच्या कोमट हवेने. हीट-गन नको, आतलं नायलॉन वितळतं. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत ओलावा आत राहिला तर बेअरिंगही जातील.

सेन्सर बदलायची वेळ आलीच, तर जुन्यावर छापलेला नंबर वाचून तोच आणा आणि तिन्ही एकदम बदला. छापील बाजू कोणत्या दिशेला आहे याचा आधी फोटो काढा. उलटा बसला तर मोटर चालणार नाही. पाय सोल्डर करताना प्रत्येक पायावर नळीचं आवरण चढवा, खाचेत इपॉक्सीने बसवा.

प्रश्न : मोटर फिरल्याचा आवाज येतो, उलट नेहमीपेक्षा जोरात येतो, पण चाक ओढत नाही. चढावर तर अजिबातच नाही. (पुणे)

आतले गिअर किंवा क्लच. गिअरवाल्या हबमध्ये मधल्या छोट्या दातेरी चाकाभोवती बहुधा तीन नायलॉनचे गिअर फिरतात आणि मोटरचे चार-पाच फेरे म्हणजे चाकाचा एक फेरा, असा हिशेब असतो. गिअर नायलॉनचे असतात ते आवाज कमी व्हावा म्हणून आणि जास्त ताण आला तर तोच स्वस्त भाग आधी तुटावा म्हणून. करकर, दळल्यासारखा आवाज येत असेल तर दात गेले. गुळगुळीत गूं-गूं आवाज आणि अधूनमधून झटका, असं असेल तर क्लच घसरतोय.

चाक काढण्याआधी अॅक्सलच्या दोन्ही बाजूंच्या वॉशरांचा क्रम फोनवर टिपा. कनेक्टर सोडवा, डिस्क काढा. ज्या बाजूच्या झाकणावर स्क्रू आहेत ती बाजू वर करा, झाकण आणि कवच यांवर मार्करने एक सलग रेघ मारा, म्हणजे परत बसवताना भोकं जुळतील. स्क्रू आमनेसामनेचे असे आळीपाळीने सैल करा. झाकण चिकटलं असेल तर लाकडी हातोडीने अॅक्सलच्या टोकावर हलके ठोके द्या, फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, सील फाटतं. अॅक्सलवरची सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) तिच्या पकडीनेच काढा. गिअरांची जुडी क्लचसकट बाहेर येते.

एकाच गिअरचे दात गेले असले तरी तिन्ही बदला. जुने आणि नवे मिसळले तर सगळा ताण नव्यावर येतो. आणण्याआधी दात मोजा, बाहेरचा व्यास आणि जाडी कॅलिपरने घ्या. नुसतं मॉडेलचं नाव सांगून मागवलेले गिअर अनेकदा बसत नाहीत. क्लचची परीक्षा सोपी: जुडी हातात धरून फिरवा, एका बाजूला मोकळी आणि दुसऱ्या बाजूला घट्ट लागली पाहिजे. दोन्हीकडे फिरली तर क्लच गेला, जुडीच बदला. जुनं ग्रीस आणि नायलॉनचा भुगा पूर्ण पुसून काढा, कवचाच्या आतल्या दात्यांमधलाही. तो राहिला तर नवे गिअर तोच खाणार. ग्रीस प्लास्टिकला चालणारं घ्या आणि दातांच्या खाचा साधारण अर्ध्या भरतील इतकंच लावा. जास्त लावलं तर ते फेकलं जाऊन गुंडाळीवर आणि डिस्कवर जातं. गंज काढायचे स्प्रे ग्रीसऐवजी मारू नका.

पुन्हा तेच होऊ नये म्हणून: उभ्या सायकलवरून पूर्ण थ्रॉटल देऊन निघू नका. पायडलचे दोन फेरे आधी मारा. दात जातात ते बहुतेक या पहिल्या झटक्यात.

प्रश्न : पुढच्या चाकात मोटरचं किट बसवलं. महिनाभराने निघताना कट्ट आवाज झाला, मोटर बंद, आणि अॅक्सलजवळ केबल पिळून तिची कातडी सोलली गेली. कनेक्टर परत लावून बघू का? (नाशिक)

नाही. अजिबात लावू नका. सोललेल्या केबलमध्ये जाड वायर बारीक वायरीला टेकली असेल तर ५ व्होल्टच्या सर्किटमध्ये बॅटरीचे ३६ व्होल्ट घुसतात आणि कंट्रोलर, थ्रॉटल, कधी डिस्प्लेसुद्धा एका क्षणात जातो. बॅटरी काढून ठेवा.

झालं असं, की अॅक्सल चिमट्याच्या (पुढच्या फोर्कच्या) खाचेत फिरला. मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा तेवढ्याच जोराने अॅक्सलला मागे पिळते. अॅक्सल बहुधा १२ मिलिमीटरचा, दोन बाजूंनी घासून १० मिलिमीटर सपाट केलेला असतो. मोटर ४० न्यूटन-मीटर देत असेल तर १० मिलिमीटरच्या त्या अंतरावर खाचेच्या कडांवर सुमारे ४००० न्यूटन, म्हणजे ४०० किलोच्या वजनाएवढा दाब येतो. साधी खाच चाकाचं वजन पेलण्यासाठी केलेली असते, हा पीळ सहन करण्यासाठी नाही. खाच रुंदावते, अॅक्सल फिरतो, त्यातून येणारी केबल दोरीसारखी पिळली जाते. नशिबाने तुमचं चाक निसटलं नाही. चालत्या सायकलीचं पुढचं चाक निसटणं म्हणजे थेट तोंडावर पडणं.

आधी चिमट्याच्या दोन्ही खाचा नीट पाहा. कडा गोलावल्या असतील किंवा बारीक चीर असेल तर चिमटा बदला, आणि अॅल्युमिनियमचा असेल तर त्या जागी पोलादी बसवा. अॅल्युमिनियम वाकून इशारा देत नाही, सरळ तुटतं. त्यानंतर टॉर्क आर्म हवाच: अॅक्सलच्या सपाट बाजूंवर घट्ट बसणारी, ५-६ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी, तिचं दुसरं टोक चिमट्याच्या दांडीला पकडपट्टीने आवळलेलं. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंना लावा. जिभेचा वॉशर खाचेत जीभ जाईल असा बसवा. पुढच्या चिमट्याच्या खाचेभोवती कधीकधी खोलगट कडा असते. वॉशर त्या कडेवर टेकला तर नट घट्ट झाल्यासारखा वाटतो पण पकड मिळत नाही. तिथे खोलगट भागात बसेल असा छोटा वॉशर आधी घाला. नट ३५ ते ४० न्यूटन-मीटरला आवळा, पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. मोटरची केबल मात्र आतून, झाकण उघडूनच बदलावी लागेल. बाहेर टेप गुंडाळून चालवू नका.

प्रश्न : मोटर बंद आहे आणि सायकल ब्रेक लागल्यासारखी जड चालते. (डोंबिवली)

मोटरचा कनेक्टर सोडवा आणि परत ढकलून पाहा. सोडवल्यावर हलकी झाली तर मोटर चांगली आहे, कंट्रोलरचे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालेत. खात्रीसाठी बॅटरी काढा, काही मिनिटं थांबा, मल्टिमीटर डायोडवर ठेवा. लाल टोक कंट्रोलरच्या बॅटरीकडच्या काळ्या वायरीवर, काळं टोक मोटरकडे जाणाऱ्या एकेका जाड (पिवळ्या, हिरव्या, निळ्या) वायरीवर. तिन्हींवर ०.४ ते ०.६ च्या दरम्यान सारखा आकडा हवा. बीप आला तर कंट्रोलर बदला. सोडवल्यावरही जडच राहिली तर पहिल्या उत्तरातली गुंडाळीची चाचणी करा. आधी ब्रेकपॅड घासत नाहीत ना, तेही बघून घ्या.

प्रश्न : पन्हाळ्याचा चढ चढताना मोटर अर्ध्यात बंद झाली, वीस मिनिटांनी पुन्हा सुरू झाली. दोष मोटरीत की चालवण्यात? (कोल्हापूर)

चालवण्यात. मोटरने स्वतःला वाचवलं. सगळ्या हबमध्ये ही सोय नसते, त्यामुळे हे समजून घेणं महत्त्वाचं.

हब मोटरला एकच गिअर असतो. सायकलीचे गिअर फक्त तुमच्या पायांसाठी, ते बदलून मोटरला काही फरक पडत नाही. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो धरा, चढ ८ टक्के. गुरुत्वाकर्षणाचे ७८ आणि टायरच्या घर्षणाचे ८ मिळून ८६ न्यूटनचा जोर हवा. ताशी १० किलोमीटर वेगाने हे साधारण २४० वॅट होतात. पण इतक्या कमी वेगावर ही मोटर अर्ध्याहूनही कमी कार्यक्षम असू शकते. कंट्रोलरने ३६ व्होल्टला १५ अँपियर, म्हणजे ५४० वॅट ओढले, तर उरलेले ३०० वॅट उष्णता होऊन बहुतेक मोटरीतच अडकतात. गुंडाळी आणि बाहेरचं कवच यांच्यामध्ये हवेची फट असते, उष्णता बाहेर यायला वाट नाही. कवच हाताला कोमट लागतं तेव्हा आतली गुंडाळी भाजेल इतकी तापलेली असते. नायलॉनचे गिअर मऊ पडतात, साधे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमचे कमजोर होऊ लागतात.

आता त्याच वेगाला तुम्ही पायाने १०० वॅट दिले तर? ते ३६ न्यूटन होतात, मोटरला उरतात ५०. मोटरचा जोर ५८ टक्क्यांवर आला. गुंडाळीतली उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ती जवळपास एक तृतीयांशावर येते. चढावर थ्रॉटल सोडून हलक्या गिअरमध्ये पायडल मारणं हा मोटरवरचा सर्वांत मोठा उपकार आहे. वेग ताशी १० च्या खाली गेला आणि तिथेच रेंगाळला तर उतरा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. वार्निश जळाल्याचा वास आला तर त्या दिवशी मोटर पुन्हा चालू करू नका.

प्रश्न : चाकातून टिक-टिक आवाज येतो. मोटर बिघडतेय का? (लातूर)

मोटर बंद ठेवूनही येतो का पाहा. येत असेल तर बहुधा आरे सैल झालेत. हबच्या चाकात आरे आखूड असतात आणि ताण जास्त येतो. दोन-दोन आरे चिमटीत दाबून पाहा, सैल असलेले लगेच कळतील. कसून घ्या.

प्रश्न : मोटर खरोखरच जळाली आहे. आता ५०० वॅटची बसवू का? (नागपूर)

बसवू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम २ (यू) प्रमाणे मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तरच विजेच्या सायकलीला नोंदणीतून सूट आहे. त्यापुढे ते मोटार वाहन ठरतं. शिवाय तुमचा कंट्रोलर, बॅटरी आणि खाचा २५० वॅटच्या हिशेबाने केलेल्या आहेत. घेताना व्होल्टेज, कनेक्टरच्या पिना, डिस्कची भोकं आणि खाचांमधलं अंतर जुळवा: पुढे बहुधा १०० मिलिमीटर, मागे १३५. जुनं चाक चांगलं असेल तर नुसतं हब घेऊन त्याच रिमवर नवे आरे बांधून घेता येतं. त्यासाठी हबच्या कडांचा व्यास आधी मोजा, कारण मिलिमीटरभर फरकानेही आऱ्यांची लांबी बदलते.